तुम्ही विचारलंत म्हणून : बुडापेस्ट, तीन दिवस, चारशे युरो

म्युनिकला राहायला आल्यापासून मला जितके प्रश्न विचारले गेले असतील, त्यांत एक प्रश्न ठरलेला आहे. दोघे जण तीन दिवस बुडापेस्टला राहून आलात आणि खर्च चारशे युरोंच्या आत, हे जमले कसे? विचारणाऱ्याच्या स्वरात कधी कौतुक असते, तर कधी आम्ही उपाशी राहून, रस्त्यावर झोपून परत आलो असावे अशी शंका. पुण्याहून फोन करणारी मावसबहीण हा प्रश्न दर दिवाळीला विचारते, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

आधी उत्तरातला गैरसोयीचा भाग सांगितला पाहिजे. आम्हाला स्वस्त पडले, कारण आम्ही आधीच युरोपात होतो. रात्रीच्या बसने गेलो आणि रात्रीच्याच बसने परतलो, व्हिसाचा प्रश्नच आला नाही. पुण्याहून येणाऱ्या माणसाला विमानाचे तिकीट काढण्याआधीच शेंगेन व्हिसाचे माणशी 90 युरो मोजावे लागतात, तेव्हा केवळ तीन दिवसांच्या बुडापेस्टसाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही. व्हिएन्नाला यायचे ठरलेच असेल, तर मात्र आगगाडीने तीन तासांच्या आत बुडापेस्ट गाठता येते, आणि मग हे सगळे हिशेब तुमच्याही उपयोगाचे ठरतात. दुसरे म्हणजे आम्ही नोव्हेंबरात, मंगळवार ते गुरुवार गेलो. तीच खोली उन्हाळ्यात, विशेषतः 20 ऑगस्टच्या राष्ट्रीय सणाच्या आठवड्यात, आम्हाला परवडली नसती.

बाकीचे काम डॅन्यूब नदीने केले. पश्चिमेला टेकड्यांवरचे बुडा, पूर्वेला सपाट पेस्ट, आणि ही दोन शहरे जुन्या ओबुडासह 1873 साली एक झाली. पाहण्यासारखे बरेचसे नदीच्या दोन्ही काठांवरच मांडून ठेवलेले आहे आणि काठावरून चालायला तिकीट लागत नाही. संसद भवन आतून पाहायचे तर युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला जास्त दर पडतो, म्हणजे आपला निळा पासपोर्ट तिथे महाग ठरतो. आम्ही संध्याकाळी समोरच्या काठावरच्या बॉट्यानी चौकात जाऊन उभे राहिलो. दिवे लागले, इमारत पाण्यात उतरली, आणि आत जाण्याची इच्छा तिथल्या तिथे संपली. तिच्या घुमटाची उंची 96 मीटर आहे आणि सेंट स्टीफन बॅसिलिकाचीही तेवढीच, कारण हंगेरियन लोक आपल्या या भूमीवरच्या आगमनाचे वर्ष 896 मानतात. हजाराव्या वर्षी, 1896 साली, त्यांनी भुयारी रेल्वे सुरू केली. पिवळ्या छोट्या डब्यांची ती गाडी आजही धावते आणि शहरवाहतुकीच्या 72 तासांच्या पासात तिचाही प्रवास होतो. सुटे कागदी तिकीट घेतलेत तर ते यंत्रात टोचायला विसरू नका, नाही तर तपासनीस जिन्यापाशीच उभे असतात.

त्याच पासावर दोन नंबरची ट्राम पेस्टच्या काठाने नेते, आणि किल्ल्याच्या टेकडीवर जाण्यासाठी पर्यटक ज्या 1870 सालच्या तिरक्या रेल्वेपुढे रांग लावतात, तिच्याऐवजी सोळा नंबरची बस वर सोडते. साखळी पूल मात्र पायीच ओलांडावा. 1849 साली खुला झालेला हा पूल 1945 च्या जानेवारीत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला आणि बरोबर शंभराव्या वर्षी तो पुन्हा उभा राहिला. तिथून संसदेकडे चालत गेलात की काठावर लोखंडी बुटांचे साठ जोड दिसतात. 1944-45 च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉस या हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या पक्षाच्या लोकांनी ज्यूंना इथे आणून, बूट काढायला लावून, गोळ्या घातल्या आणि नदीत ढकलले. बुटांना बाजारात किंमत होती. 2005 साली केलेल्या त्या स्मारकात लहान मुलांचे बूटही आहेत. त्या दिवशी आम्ही पुढचे काही पाहिले नाही.

पैशांची एकच चूक झाली आणि ती माझी. तिथे युरो नव्हे, फोरिंट चालतात, आम्ही गेलो तेव्हा एका युरोला जवळपास चारशे. एका पर्यटकी रस्त्यावरच्या एटीएमने ‘रक्कम युरोमध्ये वळती करू का’ असे अदबीने विचारले आणि मी अदबीनेच ‘हो’ दाबले. शंभर युरोंमागे बारा युरो गेले. अशा वेळी ‘नाही’ म्हणावे आणि दर आपल्या बँकेला ठरवू द्यावा.

जेवणाचे म्हणाल, तर आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी साध्या खानावळींत ‘नापी मेन्यू’ मिळतो, म्हणजे सूप आणि एक मुख्य पदार्थ, ठरलेल्या कमी किमतीत. गुलाश हे तिथे घट्ट रश्श्याचे कालवण नसून पातळ सूप असते, हे नवऱ्याला तिथेच कळले. मी शाकाहारी, मला सापडले ते ‘फ्योझेलेक’. पालक, मसूर किंवा बटाटा शिजवून, पीठ लावून दाटसर केलेली ही भाजी दिसायला थेट आपल्या पातळ भाजीची बहीण, फक्त फोडणी नाही. वर मांसाचा गोळा ठेवायची रीत असल्याने ‘मांस नको’ हे आधी सांगावे लागते. मिरचीपूड मी पिशवीतून नेली होती, हे कबूल करते.

एकाच ठिकाणी आम्ही हात आखडला नाही. सेचेनी या गरम पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहाचे दोन प्रवेश आमच्या दोघांच्या वाहतूक-पासांहून महाग पडले. ते 1913 साली सुरू झाले, आणि गंमत अशी की चित्रकार अमृता शेरगिल याच शहरात त्याच वर्षी जन्मली. जमिनीखालून येणारे पाणी सत्तर अंशांहून अधिक गरम असते. ते निववून उघड्यावरच्या कुंडात सोडतात. वज्रेश्वरीची कुंडे मी लहानपणी पाहिली आहेत, पण बाहेर चार अंश थंडी, केसांवर दव आणि गळ्यापर्यंत ऊन पाणी, हा अनुभव निराळाच. शेजारी दोन आजोबा पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळत होते आणि त्यांपैकी एक स्पष्टपणे हरत होता. टॉवेल आणि चपला घरून नेल्यामुळे भाडे वाचले. म्युनिकच्या बसमध्ये तेच ओले टॉवेल रात्रभर आमच्या डोक्यावरच्या फळीवर वाळत होते, आणि पुढच्या आसनावरचा मुलगा दोनदा वळून वर पाहत राहिला.