सांजले येसू

अमळनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आमच्या डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेतला शिकवण्याचा सराव, चालू होती. सहावीचा वर्ग, मुलं ३१, विषय ‘माझी एक आठवण’. मी निरीक्षणाला शेवटच्या बाकावर बसले होते. पाठ छान झाला असा शेरा मी टाचणवहीत दिलाही होता. मुलांच्या वह्या चाळल्यावर तो खोडला.

छात्राध्यापकाने तयारीत काही कमी ठेवलं नव्हतं. तक्त्यावर सहलीचा नमुना परिच्छेद होता आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या २४ शब्दपट्ट्या होत्या: ‘अविस्मरणीय’, ‘आनंदाला पारावार उरला नाही’, ‘डोळे पाणावले’. अडचण या साहित्यातच होती. मुलांनी पट्ट्या उचलल्या आणि मधल्या जागा भरल्या. जवळजवळ प्रत्येक वहीत पहाटे उठणं, बसमध्ये गाणी म्हणणं आणि दमून घरी येणं होतं. ज्यांची सहल कधी झालीच नाही, त्यांच्याही वहीत सहल होती. आठवण लिहायला लावताना शब्द आधी हातात दिले, तर मूल शब्दांना शोभेल अशी आठवण बनवतं. हे शिक्षक-प्रशिक्षणात पहिल्या महिन्यातच सांगायला हवं. आमच्याकडे मात्र शैक्षणिक साहित्याचे गुण तक्त्याच्या देखणेपणावर जातात, आणि याचा मला फार त्रास होतो.

संध्याकाळी आम्ही दोघांनी पाठ नव्याने बांधला. शब्दपट्ट्या बाजूला ठेवल्या. पहिल्या तासिकेत मुलांनी घराचा आणि गल्लीचा नकाशा काढायचा, त्यावर पाच फुल्या मारायच्या आणि प्रत्येक फुलीपाशी काय घडलं ते शेजाऱ्याला सांगायचं. सांगायला तीन मिनिटं, आणि घरी बोलतात त्याच बोलीत. नकाशा अशासाठी, की ‘घरून एखादी वस्तू आणा’ म्हटलं तर काही मुलं नवी खेळणी आणतात आणि काही रिकाम्या हाताने येतात. फुली मारायला काही विकत घ्यावं लागत नाही. मग एक फुली निवडायची. अट एवढीच, की प्रसंग एक भाकरी खाऊन होईल तेवढ्याच वेळाचा हवा. ही अट नसली की मूल पहाटेपासून सुरू करतं आणि मुद्द्याशी पोचेपर्यंत घंटा होते.

दुसऱ्या तासिकेत कागद उभा दुमडून उजवीकडचा एक तृतीयांश भाग कोरा ठेवायचा. खोडरबर गोळा करून टेबलावर ठेवायचे. दहा मिनिटं न थांबता लिहायचं. शब्द अडला तर बोलीतला लिहायचा. मग जोडीदाराने कोऱ्या भागात दोनच प्रश्न लिहायचे, या धर्तीचे: तेव्हा काय दिसत होतं? कोण काय बोललं? ‘छान आहे’ लिहायला मनाई. पुनर्लेखन या प्रश्नांवरून करायचं आणि शुद्धलेखन अगदी शेवटी बघायचं. हा क्रम उलटा झाला की मूल येणारे सोपे शब्दच वापरतं, कारण चुकायची भीती वाटते.

दिवस कापूस वेचणीचे होते. एका मुलीने वट्ट्यावर फुली मारली होती. माय पहाटे वावरात निघते, वेचणीचे पैसे किलोवर मिळतात म्हणून थांबत नाही. जोडीदारणीने विचारलं होतं, ‘मायचे हात कसे होते?’ त्यावर तिने लिहिलं: सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटं चिरली होती, माय गालावरून हात फिरवायची तर गाल खरखरायचा. जाताना माय म्हणाली, ‘रडू नको व माय, सांजले येसू.’ मी हा कागद उभ्यानेच वाचला, मग तिथेच पुन्हा वाचला.

तिसऱ्या दिवशी भिंतीवर लावायच्या प्रती आल्या. तिच्या प्रतीत ‘आई’ होती, ‘ओटा’ होता, ‘शेत’ होतं, आणि आई म्हणत होती, ‘रडू नकोस बाळा, संध्याकाळी येईन.’ छात्राध्यापकाने रात्रभर बसून ३१ कागद लाल शाईने तपासले होते. त्याची मेहनत खरी होती. त्याला शिकवणाऱ्यांनी, म्हणजे आम्हीच, तपासणे म्हणजे दुरुस्त करणे एवढंच शिकवलं आहे. मुलीने वाचून दाखवलं, पण मान वर केली नाही.

मी त्याला मुलीचा पहिला कागद स्वतःच्या हाताने उतरवून काढायला सांगितला आणि प्रत्येक लाल खुणेशेजारी लिहायला सांगितलं, की इथे चूक काय होती. ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि अनुस्वाराच्या दुरुस्त्या योग्यच होत्या. ‘सांजले येसू’पाशी तो थांबला. तो स्वतः ही अहिराणी बोली बोलणाऱ्या घरातला. ‘मॅडम, ही चूक नाही, पण परीक्षेत गुण जातील.’ त्याची भीती खोटी नाही. शक्य तिथे मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं, असं २००९चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो. उत्तरपत्रिका तपासताना ते कुणी लक्षात ठेवत नाही. खानदेशात तर बोलीला मान मिळाल्याचं उदाहरण लांब शोधायला नको. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, गाणी मुलाने उतरवून ठेवली, त्या १९५१ साली गेल्यावर १९५२ साली ती पुस्तकरूपाने छापली गेली, आणि छापताना बोली तशीच राहिली.

संवादापुरतं आमचं ठरलं: माणूस बोलला तसंच अवतरणात ठेवायचं. निकषांच्या तक्त्यातही ‘बोलणं हुबेहूब’ अशी ओळ घातली. पेच निवेदनातल्या ‘माय’चा आहे. तिथे बोलणारी ती स्वतः आहे. छात्राध्यापकाने दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवून विचारलं, भिंतीवर कुठला लावू? तिने दुसऱ्यावर, ‘आई’वाल्यावर बोट ठेवलं.

तो लावला आहे. पहिला माझ्या फायलीत आहे. लाल शाई बघितल्यानंतर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिचं मानायचं की आमचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.