प्रथम वर्षाचे बीजगणित : माझा अनुभव

चोपडा तालुक्यातून बारावी विज्ञान उत्तीर्ण होऊन मी जळगावला बी.एस्सी.च्या प्रथम वर्षाला प्रवेश घेतला, तेव्हा समीकरणे सोडवायला आवडतात एवढ्याच कारणासाठी गणित हा विषय निवडला होता. बीजगणिताच्या पेपरात पूर्णांकांची विभाज्यता, संमिश्र संख्या, बहुपदी आणि मॅट्रिक्स (संख्यांची ओळी-स्तंभांतील मांडणी) असे घटक होते. नावे बहुतेक ओळखीची होती, मात्र विचारले जाणारे प्रश्न वेगळे होते. शाळेत उत्तर काढले की काम संपत असे. येथे मात्र उत्तर मुळात आहे का, असल्यास किती आहेत आणि याखेरीज आणखी नाहीत हे कशावरून, असे सर प्रत्येक उदाहरणाला विचारत.

पहिला घटक मसाविचा होता. भागाकार करत जाऊन मसावि काढणे शाळेतच झाले होते, परंतु त्याच पायऱ्या उलट्या क्रमाने चढत गेल्यास मसावि त्या दोन संख्यांच्या पटींच्या बेरजेत किंवा वजाबाकीत मांडता येतो, हे येथे प्रथमच समजले. ४३ आणि ३० घेतल्यास बाक्या अनुक्रमे १३, ४ आणि १ येतात. शेवटच्या बाकीपासून मागे येत गेल्यास ४३ ची ७ पट वजा ३० ची १० पट, म्हणजे ३०१ वजा ३००, बरोबर १ मिळतो. ही रीत आपल्याकडे कुट्टक या नावाने आर्यभटाच्या काळापासून चालत आली आहे आणि भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथातही तिला स्थान आहे, ही माहिती सरांनी दिली. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. हा विषय शिकवण्याची सोय आपल्याच जिल्ह्यात तेराव्या शतकाच्या आरंभी झाली होती, याचा मला मनापासून अभिमान वाटला आणि अभ्यासाला हुरूप आला.

संमिश्र संख्यांचा, म्हणजे ऋण संख्यांची वर्गमुळेही सामावून घेणाऱ्या संख्यांचा, घटक मला सोपा गेला. एकाची घनमुळे, म्हणजे ज्यांचा घन १ येतो अशा तीन संख्या, एकक वर्तुळावर (त्रिज्या १ असलेल्या वर्तुळावर) समभुज त्रिकोणाचे शिरोबिंदू होऊन बसतात, ही आकृती एकदा वहीत नीट काढली की सूत्रे पाठ करावी लागत नाहीत.

सर्वाधिक वेळ घेतला तो रेषीय समीकरणांनी, आणि तो सत्कारणी लागला असे मी म्हणेन. दहावीत क्रेमरच्या पद्धतीने एकसामयिक समीकरणे सोडवताना छेदातील निश्चयक (सहगुणकांवरून काढलेली संख्या) शून्य नसावा, एवढे सांगून पुस्तक पुढे जात असे. तो शून्य झाला तर काय, हा प्रश्न महाविद्यालयात मध्यभागी आला. सरांनी फळ्यावर मांडलेले उदाहरण असे होते : क्ष + य + झ = ४, क्ष + २य + ४झ = ७ आणि २क्ष + ३य + कझ = म. तिसऱ्या ओळीतून पहिल्या दोन्ही ओळी वजा केल्या की (क − ५)झ = म − ११ एवढेच उरते आणि सगळा निवाडा याच ओळीत होतो. क ची किंमत ५ नसेल तर एकच उत्तर मिळते. क ५ आणि म ११ असल्यास झ साठी कोणतीही संख्या घेता येते, य = ३ − ३झ आणि क्ष = १ + २झ ठरतात, म्हणून उत्तरे अनंत असतात. क ५ असून म ११ नसेल, तर उत्तरच नसते. रँकचे (म्हणजे एकमेकींपासून न निघणाऱ्या ओळींच्या संख्येचे) प्रमेय हीच गोष्ट कितीही समीकरणांसाठी सांगते, हे ध्यानात आल्यावर त्याची सिद्धता मला अवघड वाटली नाही.

प्रत्येक ओळीशेजारी कोणती क्रिया केली हे लिहिण्याचा सरांचा आग्रह असे. सुरुवातीला त्यात वेळ जातो, परंतु क ने भागण्यापूर्वी तो शून्य नाही ना, हे पाहण्याची सवय त्यातूनच लागते. दोन्ही बाजूंना क्ष ने भागले तर क्ष = ० हे उत्तर हातचे निसटते आणि दोन्ही बाजूंचा वर्ग केला तर मूळ समीकरणाचे नसलेले उत्तर आत शिरते, या दोन बाबी तर शाळेतच ठासून शिकवायला हव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

परीक्षेच्या तयारीसाठी वसतिगृहात आम्ही मैत्रिणी एकमेकींना प्रमेयांतील एकेक अट काढून टाकून विधान कोठे कोसळते, याची उदाहरणे शोधायला सांगत होतो. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत सिद्धतांचे प्रश्न मी आधी सोडवले, कारण पाठांतरावर भिस्त नसल्याने त्यांची धास्ती उरली नव्हती. पेपर चांगला गेला. आता दुसऱ्या वर्षी ग्रुपची (एखाद्या क्रियेसह ठरावीक नियम पाळणाऱ्या संचाची) व्याख्या शिकताना सरांनी दिलेले पहिले उदाहरण एकाच्या त्याच घनमुळांचे आहे : त्यांपैकी कोणत्याही दोघांचा गुणाकार पुन्हा त्या तिघांतच सापडतो.