कॅराव्हॅनचा नियरसाइडचा पुढचा कोपरा: ओलीचा उगम सापडला, विक्री मात्र वसंतापर्यंत पुढे ढकलली

मागील नोंदीत लिहिल्याप्रमाणे ऑनिंग रेल (बाहेरचा तंबू अडकवण्याची पट्टी) नव्याने बसवून झाली होती, ओल मोजणाऱ्या मीटरचे आकडे उतरू लागले होते आणि ऑक्टोबर संपण्यापूर्वी 1998 सालच्या या चार बर्थच्या कॅराव्हॅनची (कारमागे ओढायच्या फिरत्या घराची) जाहिरात देण्याचे ठरले होते. ती जाहिरात अजून दिलेली नाही. इकडे इंग्लंडमधील लेस्टरशरमध्ये पावसाने चांगलीच झड धरली आणि तो उघडल्यावर पुढच्या लॉकरमधील नियरसाइडच्या (पदपथाकडील, म्हणजे डाव्या) कोपऱ्यात मीटरच्या पिना टोचल्या, तेव्हा 17 पर्यंत उतरलेला आकडा पुन्हा 28 वर गेलेला दिसला. रेलखालचे मॅस्टिक (सांधे बुजवणारा लगदा) हात लावला तिथे मऊ आणि चिकटलेले होते, स्टेनलेसचे स्क्रू घट्ट होते आणि रेलच्या टोकांनाही फट नव्हती. याचा अर्थ पाण्याला आत शिरायला दुसरी वाट होती. ती आता सापडली आहे, आणि ती लॉकरच्या कोपऱ्यात मुळीच नाही.

लाकडातील ओलाव्याच्या या टक्क्यांचा अर्थ आपणा सर्वांना ठाऊक आहे: 15 पर्यंत काळजी नाही, 20 च्या पुढे शोध घ्यायचा आणि 30 च्या पुढे आतले लाकूड कुजू लागले असावे असे धरून चालायचे. परंतु एकच आकडा फारसे काही सांगत नाही. आजूबाजूच्या आकड्यांचा उतार पाहावा लागतो. म्हणून पुढच्या भिंतीवर पेन्सिलीने चौकटी आखून, लॉकर आणि कपाटांच्या आतल्या, सहसा नजरेस न पडणाऱ्या जागी पिना टोचून मी सगळे आकडे कागदावर उतरवले. तळाशी 28, त्यावर 24, खिडकीच्या कडेला 19, त्याच्या वर थेट 14, आणि छताजवळच्या कपाटाच्या कोपऱ्यात पुन्हा 21. मधला पट्टा कोरडा आणि दोन्ही टोके ओली, हे चित्र पाहिल्यावर खिडकीच्या रबरावरचा माझा संशय मावळला.

या बांधणीत बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये लाकडी बॅटन (पट्ट्या) आणि पॉलिस्टायरीन (थर्माकोल), आणि आत सुमारे 3 मिमी जाडीचा व्हिनाइल चढवलेला प्लायवूड, म्हणजे वॉलबोर्ड, असतो. वरून शिरलेले थोडेसे पाणी पत्रा आणि पॉलिस्टायरीन यांच्यामधून खाली घसरते, वाटेत वॉलबोर्डला शिवतही नाही, आणि तळाच्या बॅटनवर साठून राहते. तिथून मग समईच्या वातीत तेल चढावे तसे ते प्लायवूडमध्ये वर चढू लागते. त्यामुळे सर्वांत मोठा आकडा दिसतो तिथेच गळती असेल असे गृहीत धरून मॅस्टिकच्या नळ्या रिकाम्या करण्यात अर्थ नाही.

पुढच्या कोरड्या शनिवारी बागेच्या नळीने परीक्षा घेतली. आतील बेंच काढून, लॉकरच्या तळाशी टॉर्च आणि कोरडा टिशू पेपर घेऊन माझी मुलगी बसली होती, आणि मी बाहेरून पाण्याची मंद धार खालच्या सांध्यापासून सुरू करून प्रत्येक सांध्यावर बराच वेळ धरत वर सरकत होतो. धार मंदच हवी. प्रेशर वॉशरचे पाणी चांगल्या सीलमधूनही आत घुसते आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. वरून सुरुवात केली तर ओघळ खालच्या सगळ्या सांध्यांवरून जातो आणि दोष नेमका कुणाचा ते कळत नाही, म्हणून खालून वर जाणे आवश्यक आहे. खालचा सांधा कोरडा, खिडकीची चौकट कोरडी, रेल कोरडी. धार वरच्या कोपऱ्यातील पांढऱ्या मार्कर लाइटवर (कॅराव्हॅनची रुंदी दाखवणाऱ्या छोट्या दिव्यावर) आली, आणि काही मिनिटांतच आतून हाक आली की टिशू भिजला.

दिवा उघडल्यावर सारे उलगडले. त्याच्या पायाखालची फोमची गॅस्केट वाळून कडक झाली होती आणि बोटाने दाबताच तिचा भुगा झाला. त्यामागे पत्र्यात वायर आत जाण्यासाठी पाडलेले भोक ग्रोमेटशिवाय (भोकाच्या कडेला बसणाऱ्या रबरी कड्याशिवाय) मोकळेच होते, आणि वायर दिव्याकडून आतल्या बाजूला उतरती गेलेली होती. थेंब वायरवरूनच भिंतीत जात होता. वायरच्या वेष्टणावर पाण्याने आणलेल्या मळाची बारीक तपकिरी रेघ उमटली होती, ती पाहून मला झालेला आनंद आपल्यापैकी ज्यांनी अशी गळती शोधली आहे त्यांना समजेल.

दुरुस्ती साधी होती. जुने अवशेष प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून, व्हाइट स्पिरिटने पुसून, भोकात रबरी ग्रोमेट बसवला, वायरला आत जाण्यापूर्वी खाली झुकणारा फास दिला आणि पायाभोवती ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावून दिवा पुन्हा कसला. काचेच्या खालच्या कडेचे निचऱ्याचे भोक मुद्दाम उघडे ठेवले आहे. पुढे कधीतरी उघडावे लागणाऱ्या सुट्या भागांखाली न वाळणारे ब्युटाइल आणि कायमच्या सांध्यांवर सिकाफ्लेक्स 512 हे चिकटणारे सीलंट, हे माझे मत आता पक्के झाले आहे. सिलिकॉन मात्र कॅराव्हॅनच्या बाहेरच्या अंगाला लावूच नये, कारण त्याचा उरलेला थर निघत नाही आणि त्यावर दुसरे काही चिकटत नाही. ऑफसाइडचा (उजवीकडचा) मार्कर लाइटही त्याच वेळी उघडला. तिथली गॅस्केट तशीच वाळलेली होती, म्हणून तोही नव्याने बसवला.

आता भिंत वाळवायची आहे. थंड कॅराव्हॅनमध्ये कॉम्प्रेसरवाल्या डिह्युमिडिफायरचे काम मंदावते, म्हणून डेसिकंट (ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणाऱ्या) प्रकारचा लावला आहे, आणि लॉकरमधला खराब वॉलबोर्ड कापून काढल्यामुळे हवा थेट बॅटनपर्यंत पोचते. तळाच्या बॅटनचा वरचा थर मऊ झाला होता. तो खरवडून पातळ इपॉक्सीने घट्ट केला, आणि कोपऱ्याजवळचा हातभर तुकडा बदलून टाकला. उरलेल्या लाकडात स्क्रूड्रायव्हरचे टोक रुतत नाही.

मूळ बेत असा होता की इथे नवा वॉलबोर्ड चिकटवून कोपरा पूर्ववत करायचा. ही नोंद लिहिता लिहिताच तो बदलतो आहे. ताज्या व्हिनाइलच्या तुकड्यामागे काय दडले आहे अशी शंका घेणारा ग्राहक योग्यच शंका घेतो. त्यापेक्षा लॉकरमध्ये स्क्रूने बसणारे, काढता येणारे झाकण करावे, म्हणजे पाहायला येणाऱ्याला दुरुस्त केलेले बॅटन स्वतः पाहता येईल आणि हवे तर स्वतःच्या मीटरने तपासता येईल. सोबत दुरुस्तीपूर्वीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा नकाशा, कापलेल्या भागाची छायाचित्रे आणि पावत्या द्यायच्या. ॲप्रूव्ह्ड वर्कशॉप या मान्यताप्राप्त कॅराव्हॅन-दुरुस्ती योजनेतील एखाद्या फिरत्या तंत्रज्ञाकडून विक्रीपूर्वी ओलीची स्वतंत्र तपासणीही करून घेईन, कारण विकणाऱ्याच्या मीटरवर विकत घेणाऱ्याने भिस्त ठेवावी अशी अपेक्षा करणे बरोबर नाही.

मागच्या वॉशरूमच्या कोपऱ्यातील 19 चा आकडा गेली दोन वर्षे हललेला नाही. तो आहे तसा लिहून द्यायचा, झाकायचा नाही. खासगी विक्रीत ‘जशी आहे तशी’ असे लिहिले तरी खोटे वर्णन करण्याची मोकळीक मिळत नाही, 1967 चा मिसरिप्रेझेंटेशन ॲक्ट (खोट्या माहितीवर झालेल्या करारांविषयीचा इथला कायदा) तिथेही लागू होतो. शिवाय 16 डिसेंबर 2021 पासून, 1 जानेवारी 1997 पासून पुढे कार चालवण्याची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाही वेगळ्या परीक्षेशिवाय 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येऊ लागला, त्यामुळे पहिल्यांदाच कॅराव्हॅन घेणारी पुष्कळ कुटुंबे बाजारात आहेत. ज्याने कधी ओलीचे मीटर हातात धरलेले नाही, त्याला हे आकडे समजावून सांगण्याची जबाबदारी माझी आहे असे मी मानतो. एका विक्रेत्याने फोनवरच ‘ओल आहे ना, मग भंगाराचाच भाव’ असे सांगितले. दिव्याची गळती बंद होऊन भिंत वाळल्यावर तो भाव मला मान्य नाही.

बाह्यरूपाची कामे थोडक्यात: पुढच्या एबीएस (एक प्रकारचे कडक प्लास्टिक) पॅनेलच्या चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडून ती पुढे सरकण्यापासून थांबवली आहे आणि मागून एबीएसची पट्टी जोडली आहे. ॲक्रिलिक खिडक्यांवरचे ओरखडे प्लास्टिकच्या पॉलिशने बरेच गेले. तिथे सॉल्व्हंट अजिबात वापरू नये, बारीक जाळी पडते. उन्हाने उडालेल्या गाद्यांच्या कापडाला हात लावणार नाही, घेणारा स्वतःच्या पसंतीने बदलेल. टायर मात्र विक्रीपूर्वी बदलायचे आहेत, कारण कडेवरच्या, निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगणाऱ्या चार अंकांनुसार ते सात वर्षांचे होत आले आहेत.

जाहिरात आता ईस्टरच्या आधी, फेब्रुवारीच्या अखेरीस देईन. शरद ऋतूत घेणाऱ्याला हिवाळाभर उभी करण्याचे भाडे भरावे लागते आणि तो ते किमतीतून कापून घेतो. शिवाय तोपर्यंत दिव्यांखालच्या नव्या सीलवर पुरेसा पाऊस पडून जाईल. नव्वदच्या दशकातील, फिकट बदामी रंगावर बारीक राखाडी ठिपके असलेल्या व्हिनाइल वॉलबोर्डचा उरलेला तुकडा कुणाकडे असल्यास अवश्य कळवावे. झाकणासाठी साधारण 40 बाय 30 सेंटीमीटर पुरेल.