जिवावर उदार होऊन नव्हे

नागपुरात एखाद्याने चारशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत संपवायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, पूर्ण केली की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: जिवावर उदार झालास का? अशा खेळांकडे वळणारी माणसे केवळ थरारासाठी वळतात, हा समज मला अपुरा वाटतो. मध्यरात्री वर्धा रोडने बुटीबोरी आणि जाम ही गावे मागे टाकून हिंगणघाटकडे जाताना थरार जवळपास नसतोच. असतो तो अवघडलेल्या मानेचा ठणका, जर्सीवर वाळलेले मिठाचे पांढरे पट्टे आणि पुढचा कंट्रोल पॉइंट, म्हणजे वाटेतले नोंदणीचे ठिकाण, वेळेत गाठण्याचा हिशेब. तरीही ती माणसे पुढच्या ब्रेव्हेसाठी नाव नोंदवतात.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या स्वयंनिर्धारणाच्या सिद्धांतात मला याचे सर्वांत पटणारे उत्तर सापडते. आपण करतो ते आपल्या मर्जीने करतो, ते आपल्याला जमते आणि आपण कुणाचे तरी आहोत, या तीन मानसिक गरजा भागल्या की माणसाची उमेद आतून टिकते, असे ते सांगतात. ब्रेव्हेचे नियम जणू याच गरजा ओळखून केलेले आहेत. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास आणि सहाशेला ४० तास ही मुदत कस पाहणारी असली, तरी सराव केलेल्याच्या आवाक्यातली आहे. कुठे थांबायचे, कधी झोपायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि वेळेत पोहोचलेल्यांत पहिला-दुसरा असा क्रम लावला जात नाही.

हा शेवटचा नियम मला फार मोलाचा वाटतो. डेसी यांच्या १९७१च्या प्रयोगात, कोडी सोडवण्यासाठी पैसे मिळालेले विद्यार्थी पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे कमी वळले. आपल्याकडे मोबाइलवरच्या क्रमवारीपायी आणि फोटोंपायी काही चांगल्या सायकलस्वारांची गोडी अशीच आटताना मी पाहिली आहे, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपण कुणाचे तरी आहोत, ही तिसरी गरज बाहेरून सहसा दिसत नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकल गटात पूर्ण केली. पण त्या गटातल्या स्पर्धकामागेही पाणी, खाणे, दुरुस्ती आणि झोपेच्या वेळा सांभाळणारा चमू गाडीतून चालत असतो. ब्रेव्हेत असा चमू सोबत नसतो, म्हणून तिथे ते नाते रस्त्यावरच जुळते. पंक्चर झालेल्या अनोळखी माणसापाशी थांबून, स्वतःची मुदत सरत असताना, त्याच्या चाकावर टॉर्च धरणारे सायकलस्वार मी पाहिले आहेत.

म्हणूनच पहिली दोनशेची ब्रेव्हे करून आलेल्या मुलांना मी वेळ विचारत नाही. सोबत कोण होते, कुठला टप्पा जड गेला आणि आता पुढे काय करायचे ठरवले आहे, एवढेच विचारतो; तीनशेचे नाव त्यांच्याच तोंडून निघाले, तर सरावाचे वेळापत्रक लगेच आखायला बसतो.