तुम्ही विचारलंत म्हणून: चिकाचा डाग

शाळांमध्ये गोष्टी सांगायला जाते तेव्हा मुलं विचारतात, ‘तुम्हाला गोष्टी सुचतात कुठून?’ आणि शिक्षक चहाच्या वेळी हळूच विचारतात, ‘पन्नाशी उलटली तरी तुम्ही अजून कुमारांच्या कादंबऱ्या वाचता?’ मला हे दोन्ही एकच प्रश्न वाटतात. उत्तर माझ्या गणवेशाच्या शर्टावर आहे.

आमचं गाव रावेर तालुक्यातलं, केळीचं. सातवीत असताना शाळा सुटली की मी तशीच गणवेशात वडिलांचा चहा घेऊन मळ्यात जायची. एकदा घड कापणं चाललं होतं आणि मी नुकत्याच कापलेल्या खोडाला खांदा टेकून उभी राहिले. ‘टेकू नको माय, चीक लागीन,’ वडील ओरडले, तोवर लागलाच होता. केळीचा चीक फसवा. ताजा असतो तेव्हा पाण्यासारखा, कपड्याला काही लागलंय हेही कळत नाही. वारा लागला की तपकिरी होत जातो, आणि मग काही केल्या निघत नाही. आईनं लिंबू चोळलं, रॉकेल लावून पाहिलं. दुसरा शर्ट वर्षभर तरी मिळणार नव्हता. मग मी उजवी वेणी कायम पुढे घ्यायला लागले, बरोबर डागावर. हजेरीला उभी राहिले तरी एक हात वेणीवर.

वडिलांचे सगळे सदरे तसेच होते. त्यांच्या अंगावरचे डाग मला कधी दिसले नव्हते, माझ्या खांद्यावर एक आला तेव्हा दिसायला लागले. त्या वर्षी स्नेहसंमेलनात माझं नाटक होतं. मी त्यांना या म्हटलं नाही.

पुष्कळ वर्षांनी मुलीच्या दप्तरातून एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ माझ्या हाती आली. ही कादंबरी १९६७ साली निघाली तेव्हा लेखिका जेमतेम १८ वर्षांची होती. त्यातल्या गरीब पोरांची ओळख म्हणजे त्यांचे तेल चोपडलेले लांब केस. लपून राहायची वेळ येते तेव्हा नायकाला ते कापावे लागतात, त्यांचा रंगही बदलावा लागतो, आणि ते त्याच्या फार जिव्हारी लागतं. ते पान वाचताना माझा हात आपोआप खांद्यावर गेला. कुठली ती अमेरिकेतली पोरं, पण वेणीची गोष्ट त्यांना ठाऊक होती.

म्हणून वाचते. तेराव्या वर्षी शेत आपलं नसतं, घर आपलं नसतं, कुणी काही विचारूनही ठरवत नाही. आपलं म्हणावं असं एक कंपास, सायकलची किल्ली, एक शर्ट, एवढंच. सगळा मान-अपमान त्यांच्यावरच टांगलेला असतो. चांगला कुमार-लेखक हे विसरत नाही. मोठ्यांच्या कादंबऱ्यांत वस्तू पुष्कळदा नुसत्या खोली भरायला ठेवलेल्या असतात, आणि मला तिथे करमत नाही.

खरं तर यासाठी लांब जायचीही गरज नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. चुलीवरचा तवा, जातं, मोट, रोज हाताखालून जाणाऱ्या याच गोष्टींवर त्यांनी गाणी रचली. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांच्या गाण्यांचं पुस्तक आलं. शाळेत मी मुलांना हे सांगते आणि विचारते, ‘तुमच्या घरातली कुठली वस्तू तुम्ही मित्रांपासून लपवता?’ वर्ग एकदम गप्प होतो. मग मागच्या बाकावरून एखादा म्हणतो, ‘आईची कापूस वेचायची ओटी.’ मी त्याला तिचं कापड कसलं आहे, गाठ कुठे मारते, एवढंच विचारते. तो बोलायला लागतो.

माझ्या शर्टाची गोष्ट मी वडील गेल्यावर लिहिली. त्यातली मुलगी बापाला स्नेहसंमेलनाला बोलावते. तो येतो, चिकाचाच सदरा घालून, आणि पहिल्या रांगेत बसतो.