सुरंगीचा वळेसर

रिक्षात बसले आणि कुठे जायचं ते सांगायलाच विसरले. मार्चमधली दुपार, मुलुंड, मांडीवर भाजीची पिशवी, आणि त्या पेट्रोल-घामाच्या वासातून मध्येच सुरंगी! पुढे आरशाखाली कोकणातल्या आरवलीच्या देवाचा, वेतोबाचा फोटो आणि त्याला घातलेला वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, सुकून तांबूस झालेला.

सुरंगीच्या वासाबद्दल माझा एक हट्ट आहे. तो कशासारखा, हे कुणी सांगू लागलं की मी विषय बदलते. मोगऱ्याला मोगरा म्हणून भागतं, मग हिलाच का 'थोडी मधासारखी, थोडी चंदनासारखी' करत बसायचं? उंडी आणि नागचाफा हिच्याच कुळातले, पण ओळख सांगायला तेही उपयोगाचे नाहीत. ज्याने घेतलाय त्याला कळतं. बाकीच्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणात, शिरोड्याला जावं.

आजोळी न्हाणीच्या मागे झाड होतं. फुलं शेंड्याला नाहीत, थेट जुन्या फांद्यांना लगडलेली, झुबकेच्या झुबके. आम्हाला अंधारातच उठवायचे. मामा वर चढायचा, खाली आजीची जुनी लुगडी अंथरलेली, आणि त्यावर टपटप कळ्या. कळीच हवी. फुललेल्या फुलाला वळेसरात किंमत नाही. "सूर्य वर इलो काय कळे फुलतले, हात चलय गो!" आजी ओरडायची, आणि मी मात्र एकेक कळी नाकाशी नेऊन मगच टोपलीत टाकायची. मामा उतरायचा तो मुंग्यांनी चावून लाल झालेला. आजी त्याला चहा द्यायची, मुंग्यांची चौकशी करायची नाही.

मग ओटीवर ओवायला बसायचं. ओवताना कळी मिटलेलीच असते, केसात माळल्यावर उन्हं चढली की ती उमलते, पांढऱ्या पाकळ्यांतून पिवळ्या केसरांचा गुच्छ बाहेर येतो. हे आपल्या डोक्यावर घडतंय आणि आपल्याला दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटायचं. म्हणून मी पुढच्या बाकावरच्या मुलीचा वळेसर बघत बसायची. एकदा चौथीत, पाढे चालू असताना, माझ्याच वळेसरात मधमाशी शिरली. कानाच्या पाळीला डसली. बाईंनी चुना लावला आणि म्हणाल्या, उद्यापासून शाळेत फुलं बंद. दुसऱ्या दिवशी स्वतःच माळून आल्या. चांगला हातभर.

उरलेल्या कळ्या वाळत पडायच्या. त्यांना गिऱ्हाईक असतं, नागकेशर म्हणूनही त्या खपतात. रंग जातो, वास मात्र पेटीत लुगड्यांच्या घड्यांतून वर्षभर फिरत राहतो. आजी गेल्यावर तिची पेटी उघडली तेव्हा... जाऊ दे. फुलं सुकली की फेकून देणारी माणसं मला कळत नाहीत, एवढंच.

"खंयचे तुमी?" आरशातून प्रश्न आला. इतका वेळ मी त्या फोटोकडे टक लावून बसले होते, त्याला काय वाटलं असेल!

"शिरोड्याची. म्हणजे आजोळ."

मग त्याने सांगितलं की भाऊ शिमग्याला गावी गेला होता, त्याने आणला. वेतोबाला केळ्यांचा घड दिला, हा वळेसर फोटोसाठी. "हवो तर घेवा," म्हणाला. देवाच्या गळ्यातला कसा घेणार? नको म्हटलं, आणि 'नको' तोंडातून बाहेर पडताच पस्तावले.

"घराकडे सुरंगीचा झाड आसा मां?"

"आसा," म्हटलं.

नाहीये. वाटण्या झाल्या तेव्हाच तोडलं, कुंपणाच्या रेषेत येत होतं म्हणून. मी तिथेच उभी होते, काही बोलले नव्हते. मीटरचे पैसे दिले, उतरले. कोथिंबीर रिक्षातच राहिली.