तुम्ही विचारलंत म्हणून: कान तुटला, तर अख्खा लाइट का?

“मागच्या गाडीचा बल्ब तीनशेत यायचा. आता हेडलाइट गाडीला अडकवणारा नुसता प्लास्टिकचा कान तुटला, तर अख्खा हेडलाइट घ्यायचा? तोही ॲडव्हान्स देऊन, आठ दिवस थांबून?” गॅरेजवर हे सारखं ऐकतो. ‘यात तुमचं किती?’ हेही स्वरात असतंच. असतं आमचं कमिशन, नाकारत नाही. पण किंमत मी ठरवत नाही.

जुन्या लाइटला मागून हात घालून एच-4 बल्ब बदलता यायचा. आता एलईडी, त्याची उष्णता ओढून घेणारा हीटसिंक, लेन्स बहुतेक गाड्यांत एकाच सीलबंद डब्यात. डीआरएलची (दिवसाही चालू राहणाऱ्या दिव्याची) पट्टी विझली तरी पार्ट नंबर अख्ख्या असेंब्लीचा, म्हणजे पूर्ण लाइटचा, आणि आकडा बऱ्याचदा पाच अंकी.

उशीर का? डावा-उजवा, हॅलोजन-एलईडी, फेसलिफ्टच्या (त्याच मॉडेलचं रूप बदलण्याच्या) आधीचा-नंतरचा. इतके प्रकार शेल्फवर कोण भरून ठेवेल? म्हणून मी 17 अक्षर-अंकांचा चासी नंबर मागतो आणि तुम्ही सांगता, “टॉप मॉडेल आहे.” चुकीचा लाइट आला की कनेक्टरच बसत नाही, आणि ऑर्डर देऊन मागवलेला इलेक्ट्रिकल पार्ट सहसा परत घेत नाहीत.

“मग जोडून द्या.” दिला होता एकदा. डबा पॉलिप्रॉपिलीनचा, त्याला सुपरग्लू धरत नाही. चिरेच्या टोकाला 2 मिमी भोक पाडलं, म्हणजे चीर पुढे पळत नाही. गरम स्टेपलरने पिना बसवल्या, वरून त्याच प्लास्टिकच्या सळईने वेल्डिंग केलं. कान पक्का, बीमही भिंतीवर सरळ. पण कानाच्या मुळाशी केसाएवढी चीर डब्यात उतरली होती, ती दिसली नाही. पावसाळ्यात काचेला आतून वाफ धरली. वाफ लाइट लावल्यावर उडत असेल तर चिंता नसते. इथे थेंब ओघळायला लागले. एलईडीला वीज पुरवणारं ड्रायव्हर सर्किट गेलं. उघडून वाळवावा म्हटलं, तर लेन्स चिकटवणारं ब्युटाइलचं (मऊ, रबरी) सील गरम केल्यावर सुटतं. पण याचं कडक गोंदाचं होतं, लेन्सची कडाच तडकली. शेवटी नवी असेंब्ली. विम्याचा क्लेमही गेला, कारण टकरीत तुटलेला भाग आम्हीच बुजवून ठेवला होता. तेव्हाच क्लेम केला असता, तर झिरो डेप (घसारा न कापणारं विमा कव्हर) नसतानाही प्लास्टिकवर 50 टक्के घसारा कापून उरलेले पैसे मिळाले असते.

आता वेल्डिंगआधी लाइटचे व्हेंट (हवा खेळण्याची भोकं) बंद करून फुंकरीएवढी हवा भरतो आणि साबणाचं पाणी लावतो. बुडबुडा आला म्हणजे डब्यात चीर आहे, मग हात लावत नाही.

आधी मीही म्हणायचो, ‘कंपन्या लुटतात.’ 2014 साली स्पर्धा आयोगाने 14 गाडी कंपन्यांना सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला, सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून. ते कात्रण काउंटरवर चिकटवलं होतं. मग बाहेरचा स्वस्त लाइट बसवला, त्याचा बीम समोरच्याच्या डोळ्यात जायचा. स्क्रू फिरवून काही होईना. कात्रण काढलं. तरी दोन इंचांचा कान सुटा का विकत नाहीत, याचं पटेल असं उत्तर मला मिळालेलं नाही. काही मॉडेल्सना कानाचं रिपेअर किट मिळतं, म्हणजे जमतं तर!

आजही एक लाइट टेबलावर आहे. तीनपैकी दोन कान शाबूत, बुडबुडा नाही. मालक म्हणतात, जोडा. गॅरंटी मागतात, ती मी देत नाही.